आरपीजीसाठी नेमके कसले यंत्र हवे?

नवे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र काढणारा संगणकाचा भाग, बाजारात आले की त्याच्या जाहिरातीत हमखास एखादी आरपीजी दाखवली जाते, म्हणजे खेळाडूने एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा रोल-प्लेइंग गेम. पावसाने चकाकणारे रस्ते, त्यांत उमटलेली दिव्यांची प्रतिबिंबे, चिलखतावरचा एकेक ओरखडा हे सगळे दाखवायला रोल-प्लेइंग गेमइतका सोयीचा नमुना दुसरा नाही, कारण या प्रकारात खेळाडू भटकतो, मध्येच थांबतो आणि आजूबाजूला पाहतो. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ तर नव्या कार्डांची परीक्षा घेण्याचे जवळजवळ ठरलेले मैदानच होऊन बसला आहे. अशा जाहिराती वर्षानुवर्षे पाहून एक समजूत पक्की झाली आहे, की चांगली आरपीजी खेळायची तर महागडे ग्राफिक्स कार्ड हवेच, आणि कार्ड जितके मोठे तितका अनुभव सखोल. मी गेली तीसेक वर्षे पीसीवर हेच खेळ खेळत आलो आहे आणि या समजुतीपायी मी स्वतःही बराच पैसा घालवला आहे, त्यामुळे ती चुकीची आहे हे मला थोड्या अधिकाराने म्हणता येईल. आरपीजीला आरपीजीपण येते ते खेळाडूच्या कृतीची खेळातल्या जगाने ठेवलेली नोंद आणि तिला दिलेले उत्तर यांतून. त्यासाठी लागणारी ताकद मुख्यतः लेखकाची आणि रचनाकाराची असते, काही प्रमाणात प्रोसेसरची असते. ग्राफिक्स कार्डाचा वाटा त्यात फार थोडा असतो. तरीही यंत्रांची सगळी शर्यत त्या थोड्या वाट्यासाठीच चाललेली दिसते.

हा प्रकार मुळात यंत्राशिवाय जन्मला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला तेव्हा खेळाला लागत होते ते कागद, पेन्सिल, फासे आणि जगाचा कारभार पाहणारा एक माणूस. कुणी सरायवाल्याला फसवले, कुणी कैद्याला सोडून दिले, हे सगळे तो माणूस ध्यानात ठेवी आणि तीन बैठकांनंतर त्याचा हिशेब समोर आणून ठेवी. १९८१ साली ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ आले आणि या माणसाची जागा संगणकाने घेतली. संगणकाला फासे टाकणे आणि बेरजा करणे सहज जमले. ध्यानात ठेवणे आणि प्रसंग पाहून उत्तर देणे त्याला आजही अर्धवटच जमते. आरपीजीच्या पुढच्या साऱ्या इतिहासाकडे हे अर्धवट काम पुरे करण्याची धडपड म्हणून पाहिले, तर कोणते यंत्र कशासाठी लागले हे नीट उलगडू लागते.

सुरुवातीच्या काळात यंत्राची मर्यादा इतकी उघड होती की तिच्यावर पांघरूण घालण्याचा प्रश्नच नव्हता. १९८८ सालच्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये फ्लॉपीवर मोठा मजकूर मावत नसे, म्हणून पडद्यावर फक्त एवढे उमटे की अमुक क्रमांकाची नोंद वाचा, मग खेळाडूने सोबत मिळालेली छापील पुस्तिका उघडायची आणि तो परिच्छेद शोधून वाचायचा. पुस्तिका आधीच वाचून टाकणाऱ्यांची फजिती व्हावी म्हणून तिच्यात काही नोंदी मुद्दाम खोट्या घातल्या होत्या. त्याच वर्षीच्या ‘वेस्टलँड’ने तर पुस्तिकेत मंगळाशी संबंधित एक अख्खे खोटे कथानकच पेरून ठेवले होते, ज्याचा प्रत्यक्ष खेळाशी काडीचा संबंध नव्हता. यंत्र तोकडे पडले तेव्हा रचनाकारांनी कागदाची मदत घेतली, आणि कोणत्या बातमीवर विश्वास ठेवायचा हे ठरवण्याची जबाबदारी, म्हणजे आरपीजीतली एक अस्सल जबाबदारी, खेळाडूवर येऊन पडली. मंगळाची ती गोष्ट खरी समजून वाळवंटात तिचे धागेदोरे शोधत हिंडलेल्या मुलांपैकी मी एक होतो, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

याचा अर्थ यंत्र बिनमहत्त्वाचे असते असा मात्र नाही. १९९२ साली आलेल्या ‘अल्टिमा ७’मध्ये गावातली माणसे सकाळी कामाला जात, संध्याकाळी खानावळीत जमत आणि रात्री आपापल्या घरी झोपत, खेळाडूला पीठ मळून भट्टीत पाव भाजता येई, आणि त्या पावाचा कथेशी संबंध असलाच पाहिजे अशी कुणाची अपेक्षा नव्हती. एवढे सगळे सांभाळायचे म्हणून त्या खेळाने मेमरी हाताळण्याची स्वतःचीच वेगळी पद्धत वापरली होती, आणि ती डॉस या त्या काळच्या संगणकप्रणालीच्या नेहमीच्या मेमरी मॅनेजरशी जुळत नसल्यामुळे आम्हांला केवळ या एका खेळासाठी संगणक सुरू करणारी वेगळी बूट फ्लॉपी बनवून ठेवावी लागे. कॉन्फिग फाइलमधली एक ओळ काढायची, दुसरी घालायची, माउसचा ड्रायव्हर मेमरीत कुठे बसतो ते पाहायचे आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, हा उद्योग अनेक संध्याकाळी चाले. पण त्या खटपटीच्या बदल्यात हाती काय येत होते, हे पाहिले पाहिजे. यंत्राची ताकद तिथे जगाच्या वागण्यावर खर्च होत होती, आणि अशा खर्चाबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती आणि आजही नाही.

वाटा फुटल्या त्या १९९६ नंतर. त्या वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले आणि त्रिमिती चित्र काढण्याचे काम प्रोसेसरकडून काढून वेगळ्या चिपकडे देता येऊ लागले. पुढच्या दोन-तीन वर्षांत शूटिंगच्या खेळांचा चेहरामोहरा पालटला, यात शंका नाही. पण त्याच वर्षांत आरपीजीत जे घडले त्याला या कार्डांची गरजच नव्हती. १९९७ सालचा ‘फॉलआउट’, १९९८ सालचा ‘बाल्डर्स गेट’ आणि १९९९ सालचा ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ हे तिन्ही खेळ आधीच तयार करून ठेवलेल्या द्विमिती चित्रांवर चालत. ‘फॉलआउट’मध्ये पात्राची बुद्धिमत्ता अगदी कमी ठेवली तर त्याला धड वाक्यही बोलता येत नसे आणि समोरची माणसे त्याच्याशी त्याच बेताने वागत, शेवटी भेटणाऱ्या बलाढ्य शत्रूला, त्याने निर्माण केलेली नवी जमात वांझ आहे याचा पुरावा दाखवून, एकही गोळी न झाडता हरवता येत असे. असल्या गोष्टी एका संवादासाठी वीस वेगवेगळ्या शक्यता आधी कल्पून ठेवण्यातून येतात, आणि ते काम कोणतीही चिप करून देत नाही. याच सुमारास, १९९९ च्या अखेरीस, ‘अल्टिमा ९’ आला. तो पूर्ण त्रिमिती होता, मुख्यतः व्हूडू कार्डे डोळ्यांपुढे ठेवून बांधलेला होता, इतर कार्डांवर रडतखडत चालत होता, आणि ज्या मालिकेने माणसांना दिनचर्या दिली तिचाच हा शेवटचा भाग भाषेने आणि प्रतिसादाने तिच्यातला सर्वांत कंगाल निघाला. वर्षभरातच थ्रीडीएफएक्सही उरली नाही; तिची मालमत्ता कार्डांच्याच धंद्यातल्या एनव्हिडिया कंपनीने घेतली.

माझ्या युक्तिवादाला सर्वांत भक्कम आधार मिळतो तो ‘मोरोविंड’ आणि ‘ऑब्लिव्हियन’ या एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या आणि अवघ्या चार वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन खेळांच्या तुलनेतून. २००२ सालच्या ‘मोरोविंड’मध्ये एखादे थडगे शोधायचे असेल तर गावातला माणूस सांगे, की पुलावरून पलीकडे जा, नदी डाव्या हाताला ठेव, दोन खडकांच्या मधून वर चढ; ते वर्णन वहीत उतरे आणि पुढचे सगळे आपल्यावर. कधी ते वर्णन मोघम असे, कधी चक्क चुकीचे असे, आणि त्या चुकीतून भलत्याच गुहेत शिरून भलतीच कथा हाती लागे. कथेला अत्यावश्यक असलेले पात्र खेळाडूने मारून टाकले, तर खेळ त्याला अडवत नसे. भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुनी सेव्ह फाइल, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडा नाहीतर या शापित जगात असेच राहा, एवढे बजावून तो पुढे चालू राही. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ आला तेव्हा झाडेझुडपे देखणी झाली होती, प्रत्येक वाक्याला आवाज मिळाला होता आणि पडद्याच्या तळाशी एक होकायंत्र आले होते, ज्यावरचा बाण थेट ध्येयाकडे नेई. महत्त्वाची पात्रे आता मरत नव्हती. ती बेशुद्ध पडत आणि थोड्या वेळाने धूळ झटकून उठत.

या बदलांची एकमेकांत गुंफण आहे, आणि ती नीट पाहिल्याशिवाय यंत्राचा मुद्दा उलगडत नाही. वाक्य लिहिण्याचा खर्च अल्प असतो. तेच वाक्य नटाकडून बोलून घ्यायचे, साठवायचे, ओठांच्या हालचालीशी जुळवायचे आणि अनेक भाषांत पुन्हा करून घ्यायचे म्हटले की खर्च कैक पटींनी वाढतो. मग साहजिकच वाक्ये कमी होतात, पात्रे मोजक्या विषयांवर बोलू लागतात, आणि लेखकाला अखेरच्या महिन्यात सुचलेली नवी शक्यता घालता येत नाही, कारण तोवर ध्वनिमुद्रण आटोपलेले असते. खेळाडूला दिशा सांगणारे संवाद गेले की बाण आलाच पाहिजे. पात्रावर इतका खर्च केला असेल तर ते पहिल्या तासात मरून कसे चालेल? या साखळीची पुढची कडी २०१५ सालच्या ‘फॉलआउट ४’मध्ये दिसली. तिथे नायकालाही आवाज देण्यात आला आणि त्याचे बोलणे दर वेळी चार पर्यायांत कोंबले गेले. मूर्ख नायकाचे तुटके बोलणे, वैद्य नायकाचे नेमके निदान, फटकळ नायकाचा शिवराळपणा या सगळ्यांसाठी पुन्हा पुन्हा नटाला बोलावणे परवडणारे नव्हते. चित्र आणि ध्वनी जसजसे समृद्ध होत गेले तसतसे खेळाडूचे तोंड बंद होत गेले, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. चेहराही बोलतो, असे आक्षेप घेणारा म्हणेल. २०१५ सालच्या ‘विचर ३’मध्ये बायकोला आणि मुलीला गमावून बसलेला तो दारुडा सरदार आपली कैफियत मांडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे दिसते ते चार ओळींच्या मजकुरात मावले नसते. हे मला मान्य आहे. २०२३ सालचा ‘बाल्डर्स गेट ३’ तर माझ्या मांडणीला दिलेले उलटे उदाहरणच वाटावे असा आहे: प्रत्येक पात्राला आवाज, प्रत्येक संभाषणाला नटाच्या चेहऱ्याची आणि देहबोलीची जोड, आणि तरीही शाखा इतक्या की दोघांचे खेळ एकमेकांशी जुळत नाहीत. पण त्या खेळाच्या रचनाकारांनी कोणती काटकसर केली हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी खेळाडूच्या स्वतःच्या पात्राला संभाषणात जवळजवळ मुके ठेवले. त्याचे बोलणे पडद्यावर लिहिलेले असते, त्यामुळे वंशानुसार, व्यवसायानुसार, आधीच्या कृत्यांनुसार त्यात हवे तितके पर्याय घालता आले. शिवाय अपूर्ण स्वरूपात तो खेळ जवळजवळ तीन वर्षे लोकांच्या हाती होता आणि त्यांचे खेळणे पाहून त्यात भर पडत गेली. हा वेळेचा आणि धोरणाचा विजय आहे. तेवढाच पैसा आणि तेवढाच वेळ हाताशी असलेल्या इतर स्टुडिओंनी तो कशावर खर्च केला, याची यादी करायला बसलो तर मन खिन्न होते.

दुसऱ्या टोकाला २०१९ सालचा ‘डिस्को एलिझियम’ आहे. त्यात लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. नायकाची चोवीस कौशल्ये त्याच्या डोक्यात बसून आपापसांत भांडतात, आणि एखादी कसोटी हरली तर कथा थांबण्याऐवजी भलत्याच दिशेला वळते. साध्या लॅपटॉपवरही तो खेळता येतो. २०१८ सालच्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मध्ये लोहाराचा मुलगा असलेल्या नायकाला वाचता येत नाही, म्हणून पुस्तक उघडले तर अक्षरे विस्कटलेली दिसतात, आणि एका लेखनिकाकडून शिकून घेतल्यावर ती हळूहळू जुळू लागतात. मध्ययुगात निरक्षर असणे म्हणजे काय, हे मला एवढ्या थेटपणे दुसऱ्या कोणत्याही खेळाने दाखवले नाही, आणि त्यासाठी यंत्राला करावे लागले ते केवळ शब्दांतली अक्षरे मागेपुढे करण्याचे काम.

आता प्रोसेसरकडे वळू, कारण यंत्राचा खरा प्रश्न तिथे आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ बाजारात आला तेव्हाचे बहुतेक मोजमाप खेळाच्या पहिल्या भागात, म्हणजे विरळ वस्तीच्या रानात झाले होते. तिसऱ्या भागात खेळाडू भरगच्च शहरात शिरतो आणि तिथे अनेकांचे फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे, निम्म्यावर आले. कार्ड कितीही भारी असले तरी फरक पडेना, कारण अडचण होती ती गर्दीतल्या प्रत्येक माणसाचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोसेसरची. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या दुरुस्तीतून उघड झालेले एक कारण तर कथेत शोभावे असे होते: खेळाडूने केलेल्या चोऱ्या आणि मारामाऱ्या कधी कधी निकाली न निघता आतल्या आत अडकून राहत, आणि त्यांचे ओझे साचत जाऊन खेळ मंदावत असे. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ची गतही शहरात शिरताच अशीच होई. प्रत्येक पात्रामागे प्रोसेसरचा मोठा वाटा खर्च होतो, हे तो खेळ बनवणाऱ्या कॅपकॉमने स्वतःच सांगितले. त्यावर, शहरातली माणसे मारून टाकली की खेळ सुरळीत चालतो, असा क्रूर विनोदी उपाय खेळाडूंनी शोधून काढला. या दोन्ही खेळांच्या संथपणाबद्दल पुष्कळ तक्रारी झाल्या आणि त्या रास्त होत्या. पण निदान त्यांची यंत्रशक्ती जगाने खेळाडूकडे लक्ष द्यावे यासाठी जळत होती. असे अडखळणे मी पावसाळी रस्त्यावरच्या प्रतिबिंबांपायी होणाऱ्या अडखळण्यापेक्षा अधिक सहानुभूतीने पाहतो.

ही सहानुभूती मला ‘ऑब्लिव्हियन’च्या नव्या आवृत्तीबद्दल वाटत नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत आतले तर्कशास्त्र २००६ चेच ठेवून वरचे चित्रण अनरियल इंजिन ५ या खेळ बांधण्याच्या नव्या प्रणालीकडे सोपवले आहे. एका डीव्हीडीवर मावलेल्या खेळाला आता १२५ जीबी जागा लागते, आणि मोकळ्या रानात एका टापूतून दुसऱ्यात जाताना तगड्या संगणकावरही तो अडखळतो. पात्रे तेच बोलतात, बेशुद्ध पडून तशीच उठतात. एकोणीस वर्षांत वाढलेली यंत्रशक्ती नेमकी कुठे गेली याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक शोधूनही सापडले नसते. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स २’ मात्र पहिल्या दिवसापासून मध्यम प्रतीच्या यंत्रावर नीट चालला, आणि त्यात अंगाला वास येत असेल तर लोक नाके मुरडतात. त्यामुळे आजच्या खेळांना एवढी ताकद लागणारच, हा युक्तिवाद मला पटत नाही.

ग्राफिक्स कार्डांच्या बाजूला काय चालले आहे? मार्च २०१७ मधले जीटीएक्स १०८० टीआय हे कार्ड ६९९ डॉलरचे होते आणि २५० वॉट वीज खाई. ऑक्टोबर २०२२ मधले आरटीएक्स ४०९० हे १,५९९ डॉलर आणि ४५० वॉटवर गेले. जानेवारी २०२५ मधल्या आरटीएक्स ५०९० ने १,९९९ डॉलर आणि ५७५ वॉट गाठले. मधल्या काळात ४०९० ला वीज पुरवणारे जोड वितळल्याच्या बातम्याही येऊन गेल्या. माझ्याकडचा एक पॉवर सप्लाय, ज्याच्या खोक्यावर छापलेले वॉट केवळ छापण्यापुरतेच होते, नव्या कार्डाच्या पहिल्याच आठवड्यात जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. तेव्हापासून पेटीतल्या सर्वांत कंटाळवाण्या वस्तूवर मी सर्वांत आधी पैसे खर्च करतो. एवढी वीज आणि एवढा पैसा ओतून मिळते ते बहुतांशी ४के चित्र, म्हणजे नेहमीच्या १०८०पीच्या बरोबर चौपट पिक्सेल. स्टीम या पीसी खेळांच्या ऑनलाइन दुकानाने केलेल्या सर्वेक्षणात २०२५ मध्येही निम्म्याहून अधिक खेळाडूंचा पडदा १०८०पीच होता.

फ्रेमच्या आकड्यांची गोष्ट याहून मजेशीर आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे कार्ड ४०९० इतकी कामगिरी देईल असे व्यासपीठावरून सांगितले. त्या दाव्याचा आधार होता फ्रेम जनरेशन, म्हणजे खेळाने खरोखर आखलेल्या प्रत्येक चित्रामागे कार्डाने आपल्या अंदाजाने तीनपर्यंत चित्रे रचून मध्ये घालणे. हालचाल त्याने गुळगुळीत दिसते, हे मी नाकारत नाही. पण मधल्या चित्रांत खेळाडूच्या कळ दाबण्याची काहीच दखल घेतलेली नसते. बटण दाबल्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा वेळ त्यांनी कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. पाळीपाळीने चालणाऱ्या आरपीजीत या वेळेने काही बिघडत नाही, पण तिथे शेकडो फ्रेम हव्यातच कुणाला? जिथे बिघडते तिथे, उदाहरणार्थ ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पेडिशन ३३’मध्ये शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवताना, ही उसनी चित्रे मदतीला येत नाहीत. ज्याला उत्तर मिळत नाही अशा फ्रेमला कामगिरी म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. कमी आकाराचे चित्र मोठे करून देणाऱ्या डीएलएसएससारख्या युक्तीला माझा विरोध नाही. जुन्या कार्डांचे आयुष्य तिने खरेच वाढवले आहे. ती खेळ सुबक बांधण्याला पर्याय म्हणून वापरली जाऊ लागली, तक्रार त्याबद्दल आहे.

कार्ड बनवणाऱ्यांनी आपली पर्वा करावी ही अपेक्षाही आता फारशी उरलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाला डेटा सेंटरमधून सुमारे ११५ अब्ज डॉलर मिळाले आणि गेमिंगमधून सुमारे ११ अब्ज. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठीचा क्रूशल हा मेमरीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली, कारण तीच मेमरी एआयसाठी अधिक भावाने खपते. अशा स्थितीत दर दोन वर्षांनी यंत्र बदलण्याची सवय ही खेळाडूच्या बाजूने उरलेली एकतर्फी निष्ठा आहे. तिची परतफेड व्हायची असती तर एव्हाना झाली असती.

मग करायचे काय, असे कुणी विचारले तर माझे उत्तर बरेचसे रुक्ष आहे. आरपीजीसाठी यंत्र घेणाऱ्याने आधी चांगला पॉवर सप्लाय, एसएसडी आणि मुबलक मेमरी घ्यावी, मग मोठ्या कॅशचा, म्हणजे आतच भरपूर जलद मेमरी असलेला, प्रोसेसर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड घ्यावे. २०२२ सालच्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅश होती, आणि २०१७ सालच्या अनेक मदरबोर्डांवर नुसता बायोस, म्हणजे बोर्डावरची मूळ प्रणाली, बदलून तो बसवता आला; आरपीजी खेळणाऱ्याला गेल्या दहा वर्षांत मिळालेली याहून मोलाची भेट मला आठवत नाही. शहरांत, गर्दीत, शंभराव्या तासाला त्याचा उपयोग होतो. कीबोर्डवर लुकलुकणारे रंगीत दिवे, काचेच्या पेट्या आणि पंख्यांवरचे पडदे यांविषयी या लेखात काही लिहिण्यासारखे नाही.

खरी अपेक्षा मात्र परीक्षण करणाऱ्यांकडून आहे, कारण खरेदीची हवा तेच तयार करतात. आरपीजीचे मोजमाप पहिल्या तासातल्या रिकाम्या माळावर घेऊन काहीच कळत नाही. ते खेळाच्या उत्तरार्धातल्या सर्वांत गजबजलेल्या शहरात, अनेक चोऱ्या आणि अपुरी कामे साचलेल्या सेव्ह फाइलवरून, बहुतेकांच्या घरी असते तशा मध्यम कार्डावर घेतले पाहिजे, आणि रचलेल्या फ्रेम खऱ्या फ्रेमच्या रकान्यात मांडता कामा नयेत. त्या आलेखांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा असे मला वाटते. परीक्षकाने एकच प्रसंग तीन वेगवेगळ्या पात्रांनिशी खेळावा आणि किती ठिकाणी जगाने वेगळे उत्तर दिले ते मोजून लिहावे. सरायवाल्याला फसवून दहा तासांनी परत जावे आणि तो ओळखतो का, हे पाहावे. हे मोजायला वेळ लागतो, त्याचा आलेख देखणा दिसत नाही आणि त्यावर कोणाची जाहिरातही मिळणार नाही. तरीही असा रकाना छापणारा एखादा परीक्षक पुढे आला, तर माझ्या पेटीतले आठ वर्षांचे कार्ड बदलायचे की नाही, हे मी त्याचे वाचून ठरवीन.